बेळगावहून दुबई: हवाई अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागातून नोकरीसाठी दुबईला जाणाऱ्यांनी तिकिटावर छापलेल्या वेळेवर विसंबून घर सोडू नये. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून दुबईला थेट विमान नाही. गोवा किंवा मुंबईसारख्या दुसऱ्या विमानतळावर जावेच लागते. येथे मुंबईचा हिशेब दिला आहे.

प्रथम अंतर पाहू. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर अक्षांश व ७२.८७ पूर्व रेखांशावर आहे, तर दुबई विमानतळ २५.२५ व ५५.३६ वर. अक्षांशांतील फरक ६.१६ अंश भरतो आणि अंशाला १११ किलोमीटर धरल्यास त्याचे ६८४ किलोमीटर होतात. रेखांशांतील फरक १७.५१ अंश आहे. मात्र विषुववृत्तापासून दूर जाताना रेखांश एकमेकांजवळ येत असल्यामुळे या पट्ट्यात अंशाला सुमारे १०३ किलोमीटरच धरावे, म्हणजे १,८०४ किलोमीटर होतात. या दोन बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण पायथागोरसच्या नियमाने काढला की सुमारे १,९३० किलोमीटर हे उत्तर मिळते. टोकियोसारख्या फार दूरच्या शहरासाठी ही रीत वापरू नये, कारण तेथे पृथ्वीची गोलाई हिशेबात घ्यावी लागते.

ताशी ८५० किलोमीटर वेगाने हे अंतर सव्वादोन तासांत कापले जाईल असे वाटते. परंतु धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे आणि उतरणे यांचा वेळ मिळवला की तीन ते साडेतीन तास होतात. हिवाळ्यात वरच्या थरातील पश्चिमेचे वारे जाताना समोरून येतात, म्हणून परतीचा प्रवास सहसा थोडा लवकर होतो.

सर्वाधिक गोंधळ घड्याळाचा होतो. तिकिटावरील दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात आणि दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. मुंबईहून दुपारी १ ला निघून दुबईला २.४५ ला पोहोचणारे विमान पावणेदोन तासांचे नसून सव्वातीन तासांचे असते. जाताना दीड तास मिळवावा, येताना वजा करावा.

आता दारापासूनचा हिशेब. दुपारी १ च्या विमानासाठी सकाळी १० ला विमानतळावर असावे. कोगनोळी नाका, कोल्हापूर, पुणे या मार्गाने मुंबई सुमारे ५०० किलोमीटर आहे. आदल्या रात्री ८ च्या बसने निघाल्यास सकाळच्या वाहतूक कोंडीसाठीही पुरेसा अवकाश राहतो. घर सोडल्यापासून दुबईत उतरेपर्यंत सव्वावीस तास होतात, त्यातले विमानाचे फक्त सव्वातीन.

सांब्र्याहून मुंबईचे विमान मिळत असल्यास दुबईपर्यंतचे एकच सलग तिकीट काढावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. दोन वेगळी तिकिटे असतील, तर पहिल्या विमानाला उशीर झाल्यावर दुसऱ्याचे पैसे बुडू शकतात. शिवाय मुंबईत सामान स्वतः उचलून पुन्हा द्यावे लागते आणि कधी टर्मिनलही बदलावे लागते, म्हणून मध्ये किमान पाच तास ठेवावेत.