यूआरएलमध्ये मराठी अक्षरं पाठवायचीत? मग एवढं बघाच

ब्राउझरमध्ये मराठी शब्दाचा पत्ता टाकला की पान मस्त उघडतं आणि तोच पत्ता कोडमधून मारला की एरर, असं झालंय ना? कारण ब्राउझर आपल्या नकळत एक काम उरकतो जे कोडमध्ये आपल्यालाच करावं लागतं. यूआरएलमध्ये, म्हणजे वेबपत्त्यात, फक्त आस्की (रोमन अक्षरं, आकडे आणि काही चिन्हं) चालतं, त्यामुळे बाकीचं अक्षर आधी यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) न्यायचं आणि मग त्याचा एकेक बाइट टक्क्याचं चिन्ह लावून हेक्समध्ये (१६ च्या पायाचे आकडे) लिहायचा. २००५ च्या आरएफसी ३९८६ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात हे पर्सेंट एनकोडिंग दिलंय.

'म' घ्या. युनिकोड नंबर ०९२ई, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट, म्हणून पत्त्यात जातो %ई०%ए४%एई (कोडमध्ये ही ई आणि ए अर्थातच रोमन). 'मराठी'त म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट, म्हणजे पत्त्यात ४५ कॅरेक्टर.

हे हाताने करत बसू नका, जावास्क्रिप्टमध्ये एनकोडयूआरआयकंपोनंट आहे, पायथनमध्ये क्वोट आहे. पण अख्खी यूआरएल त्यात कोंबायची नाही, प्रत्येक व्हॅल्यू वेगळी एनकोड करायची आणि मगच जोडायची. नुसतं एनकोडयूआरआय वापरलं तर 'रंग&रेषा' मधला & तसाच राहतो आणि सर्व्हरला वाटतं की नवीन पॅरामीटर सुरू झाला. पायथनचं क्वोट पण तिरकी रेघ सोडून देतं, तिचंही एनकोडिंग हवं असेल तर क्वोटला सेफ हा पॅरामीटर रिकामा द्या.

आणि एनकोड एकदाच! माझा यात अर्धा दिवस गेलाय, सर्च केलं की शून्य रिझल्ट, एरर काहीच नाही, शेवटी लॉगमध्ये बघितलं तर सगळीकडे %२५ई० दिसत होतं, म्हणजे मी क्वोट करून दिलेलं लायब्ररीने परत एनकोड केलेलं आणि टक्क्याचंच %२५ झालेलं. लॉगमध्ये %२५ दिसलं की आधी हाच संशय घ्या.

स्पेसचं थोडक्यात: पाथमध्ये (पत्त्यात ? च्या आधीचा भाग) %२०च द्या, + हा स्पेस म्हणून फक्त क्वेरीत (? च्या नंतरचा भाग) चालतो. डोमेन मराठीत असेल तर तिथे टक्के चालत नाहीत, तिथे प्युनीकोड (डोमेनमधली अक्षरं आस्कीत लिहायची वेगळी पद्धत) लागतो.

आता खास आपल्या भाषेची गोची. 'दुसऱ्या' मधला ऱ एकच कॅरेक्टर असू शकतो किंवा र आणि खाली नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशी दोन. दिसायला सेम, बाइट वेगळे, म्हणून डेटाबेसमध्ये शब्द असून सापडत नाही. सेव्ह करताना आणि शोधताना, दोन्हीकडे एनकोड करायच्या आधी एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) करा. तरी काही जण तोच शब्द र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) असा टाइप करतात, त्याला एनएफसी हात लावत नाही, तेवढं रिप्लेस मात्र तुम्हालाच लिहावं लागेल.