जमिनीवरच्या छोट्या पूलसाठी हीटर कसा निवडावा

आधी पाणी मोजा. गोल पूल असेल तर त्रिज्या × त्रिज्या × 3.14 × पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये. उत्तराला हजाराने गुणलं की लिटर. 3.6 मीटर व्यासात 75 सेंटिमीटर पाणी म्हणजे साधारण 7,600 लिटर. हजार लिटर 1 अंश सेल्सिअसने तापवायला 1.16 युनिट उष्णता लागते. म्हणजे या पूलला 5 अंशांसाठी सुमारे 44 युनिट. 3 किलोवॅटचा इलेक्ट्रिक हीटर त्यासाठी 15 तास घेईल, तेही उष्णता अजिबात वाया गेली नाही तर. प्रत्यक्षात जातेच, आणि बहुतेक बाष्पीभवनातून. म्हणून कव्हर आधी घ्या, हीटर नंतर.

रोज वापर असेल तर हीट पंप, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणारं यंत्र. एक युनिट विजेत चार-पाच युनिट उष्णता देतो, पण हवा थंड झाली की त्याचा जोर ओसरतो. अधूनमधून, पटकन तापवायचं तर गॅस. सोलर पॅनल पूलच्या पृष्ठभागाच्या किमान निम्म्या क्षेत्रफळाचं हवं. ढगाळ दिवशी त्याच्यावर विसंबू नका.

सगळ्यात जास्त फसगत होते ती पाण्याच्या प्रवाहात. पूलसोबत आलेला छोटा पंप हीटरला लागणारा किमान प्रवाह देत नाही, मग फ्लो स्विच हीटर सुरूच होऊ देत नाही. दोन्हींचे आकडे जुळवूनच खरेदी करा.

हीटर फिल्टरनंतर आणि क्लोरिनेटरच्या आधी जोडा, नाहीतर तीव्र क्लोरिन तांब्याची कॉइल खातं. विजेच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवाच. बादलीतला हीटर रॉड पूलमध्ये कधीही नको.