कोल्हापूरहून जयगड बंदराकडे मालट्रक नेताना

आंबा घाटमार्गे माल न्यायचा असल्यास मलकापूर सोडण्यापूर्वीच टायरमधील हवा, ब्रेक आणि ताडपत्रीचे दोर तपासून घ्यावेत, कारण आंबा गाव मागे पडले की साखरप्याच्या दिशेने घाटाचा उतार सुरू होतो. भरलेली गाडी ज्या गिअरमध्ये घाट चढली असती, त्याच गिअरमध्ये ती उतरवावी. न्यूट्रलवर सोडून डिझेल वाचवण्याची खोड इथे जिवावर बेतू शकते, आणि सतत दाबून धरलेले ब्रेक तापून ऐनवेळी दगा देतात. पावसाळ्यात डोंगराच्या कडेला गाडी उभी करू नये.

पालीला मुंबई-गोवा महामार्ग लागल्यावर उजवीकडे वळावे, हातखंबा ओलांडावा आणि निवळी फाट्यावरून डावीकडे जयगडचा रस्ता धरावा. हातखंब्यालाच डावीकडे वळलात, तर जड गाडीसह विनाकारण रत्नागिरी शहराकडे जाल.