मनःस्थितीची प्रश्नावली भरून घेताना या चुका टाळा

रोप लावणीच्या दिवसांत खानापूर तालुक्यातल्या एका मावशींकडून मी ‘पीएचक्यू-९’ ही नैराश्याची लक्षणं विचारणारी प्रश्नावली भरून घेतली. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. गेल्या दोन आठवड्यांत थकवा जाणवला का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “लावणीत थकवा यायचा नाही तर काय ओ?” मी ३ वर खूण केली. झोप आणि भुकेच्या प्रश्नांनाही तसंच झालं. बेरीज मोठी आली, पण त्यातले किती गुण मनाचे आणि किती दिवसभर वाकून काम केल्याचे, हे मला सांगता येईना. तेव्हापासून प्रश्नाचे शब्द मी बदलत नाही, पण उत्तरासोबत आलेलं बोलणं समासात लिहितो आणि हंगामही नोंदवतो.

आपल्या सीमाभागात सगळ्यात जास्त घात होतो तो शब्दांमुळे. ‘बेजार’ घ्या. मराठीत बेजार म्हणजे त्रासून गेलेला. कन्नडमध्ये त्याच शब्दाने कंटाळा सांगतात आणि वाईट वाटणंही. बेळगावात घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणारा माणूस “लई बेजार झालंय” म्हणतो, तेव्हा नेमकं काय झालंय, हे त्यालाच विचारायला हवं. पुस्तकी भाषांतराचंही तसंच. १९८८ साली आलेल्या ‘पॅनास’ या सुखद आणि त्रासदायक भावना मोजणाऱ्या प्रश्नावलीत भावनांचे २० शब्द आहेत. त्यातल्या एकाचं भाषांतर कुणी ‘उत्तेजित’ केलं, तर वयस्क बायका खाली बघतात आणि पुढची सगळी उत्तरं आखडतात. मराठीत आणलेली प्रश्नावली दुसऱ्या जाणकाराकडून उलट मूळ भाषेत करून घ्या आणि चार-पाच गाववाल्यांना प्रत्येक शब्दाचा अर्थ त्यांच्या बोलीत सांगायला लावा.

‘पॅनास’ची आणखी एक गोष्ट. सुखद आणि त्रासदायक भावनांचे गुण वेगळे ठेवायचे असतात, एकातून दुसरे वजा करायचे नाहीत. शिवाय ‘आत्ता’, ‘आज’ की ‘गेल्या आठवड्यात’, हे आधीच ठरवा. १ नोव्हेंबरला इथे एकीकडे कर्नाटक राज्योत्सव आणि दुसरीकडे मराठी माणसांचा काळा दिन असतो. त्या दिवशी ‘आत्ता कसं वाटतंय’ विचारून तेच कुणाचं नेहमीचं मन समजू नका.

सासू शेजारी बसली असेल तर सून “सगळं बरं हाय की” एवढंच म्हणणार. तिला एकटीला भेटा. वाचता येत असेल तर कागद तिच्याच हातात द्या.

गुणांची दिशाही तपासा. ‘डब्ल्यूएचओ-५’ या मन किती बरं आहे ते विचारणाऱ्या पाच प्रश्नांच्या प्रश्नावलीत जास्त गुण म्हणजे बरी अवस्था, ‘पीएचक्यू-९’मध्ये उलट. एकाच तक्त्यात दोन्ही भरताना गोंधळ होतो. आणि ‘पीएचक्यू-९’मध्ये १० किंवा जास्त गुण आले म्हणून तिथेच ‘नैराश्य’ असं लिहू नका. निदान डॉक्टर करतील.

‘पीएचक्यू-९’चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला ० सोडून काहीही उत्तर आलं, तर बेरीज नंतर करा. आधी त्या माणसाजवळ बसा, नीट विचारा, विश्वासातल्या नातेवाइकाला सोबत घ्यायचं का ते त्यालाच विचारा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर तिथूनच फोन लावून द्या.