प्रो कबड्डीच्या लिलावाआधी संघाची गरज कशी ओळखायची

लिलाव जवळ आला की पलूस भागातल्या आमच्या मंडळातली पोरं नावांवरून भांडायला लागतात. पवन हवा, देवांक हवा, शादलूईला सोडलंच कसं? मी त्यांना आधी वही काढायला लावतो. लिलावात संघ फसतात ते बहुतेक वेळा याच कारणानं: कुठली जागा रिकामी आहे हे न बघता कोण मोकळा आहे हे बघत बसतात.

आपल्या सांगली जिल्ह्यातल्या काशीलिंग आडकेचंच बघा. २०१५ च्या दुसऱ्या मोसमात चढाईच्या गुणांत तो सगळ्यांच्या पुढे होता. एवढं करूनही त्याची दबंग दिल्ली उपांत्य फेरीत गेली नाही. चढाईपटू कितीही तयार असो, मागं पकड नसेल तर त्यानं आणलेले गुण पाच मिनिटांत निघून जातात.

तर वहीचं काम. संघाचे गेल्या मोसमातले हरलेले सामने निवडा, त्यातही थोडक्यात हरलेले. वीस-पंचवीस गुणांनी हरलेल्या सामन्यात सगळेच ढासळलेले असतात, त्यातून काही हाती लागत नाही. एका पानावर मॅटवरच्या सात जागा काढा: टोकाला दोन कोपरे, त्यांच्या आत दोन इन, त्यांच्याही आत दोन कव्हर आणि मधोमध सेंटर. मग सामना मोबाईलवर अर्ध्या वेगानं लावा आणि समोरच्या चढाईपटूनं गुण नेला की ज्या जागेवरून तो सुटला तिथं एक रेघ मारा.

इथं घाई करू नका, कारण तक्ता हमखास चकवतो. समजा, चढाईपटू डाव्या कोपऱ्याकडं आला, बोनससाठी पाय टाकला. कोपऱ्यानं वाकून घोटा धरला. धरला तो बरोबरच धरला. आता त्याच बाजूच्या कव्हरनं त्याच क्षणाला छातीनं आत घुसून त्याची मध्यरेषेकडची वाट बंद करायची असते. पण कव्हर अर्धं पाऊल मागं राहिला, चढाईपटूनं अंग फिरवलं, झेप घेतली आणि हात रेषेपलीकडं टेकवला. अधिकृत आकडेवारीत ही फसलेली पकड कोपऱ्याच्या नावावर जाते. माझ्या वहीत रेघ कव्हरवर पडते. असे आठ-दहा सामने नीट बघितले की दिसतं, ज्या कोपऱ्याला लोक शिव्या घालत होते तो शाबूत आहे आणि खरी गरज कव्हरची आहे. कव्हर बघताना त्याच्या हाताकडं बघू नका, पायाकडं बघा. कोपरा हलला की त्याचा पुढचा पाय लगेच निघतो का, एवढंच बघायचं.

म्हणूनच मी कोपरा आणि कव्हर कधी सुटे मोजत नाही, जोडी मोजतो. गेल्या वर्षी जुळलेली जोडी संघानं कायम ठेवली असेल तर ती अर्धी बाजी. त्यातला एक सुटला असेल तर दुसऱ्याचाही भाव मनात थोडा उतरवून धरा.

चढाईचं गणित त्या मानानं सोपं. पहिला चढाईपटू सगळ्यांना माहीत असतो, तुम्ही दुसरा शोधा. तो पहिल्याच्या उलट बाजूनं शिरणारा हवा. दोघंही एकाच अंगानं येत असतील तर समोरचा एकच कोपरा कामाला लागतो आणि दुसरा निवांत उभा राहतो. शिवाय दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई कोण करतो ते बघा. गुण आणला नाही तर बाद, अशी ती चढाई. तिथं पहिला चढाईपटूच पाठवावा लागत असेल तर संघात एक माणूस कमी आहे. तोच बाद झाला की पुढं सगळा संघ बाद होऊन लोण बसतो.

हे सगळं पैशाशी कसं जुळतं ते दहाव्या मोसमात स्वच्छ दिसलं. संघाची थैली ५ कोटींची. तेलुगू टायटन्सनं त्यातले २ कोटी ६० लाखांहून जास्त एकट्या पवन सेहरावतवर घातले. पवन हा काय दर्जाचा खेळाडू आहे हे मी सांगायला नको. पण टायटन्स २२ पैकी २ सामने जिंकून तळाला राहिले. त्याच लिलावात पुणेरी पलटणनं २ कोटी ३५ लाख मोजून शादलूईला घेतलं. रक्कम तीही प्रचंड, पण पलटणकडं आपल्या नगरचा अस्लम इनामदार, मोहित गोयत अशी तरणी फळी आधीच होती. आधल्या मोसमाची अंतिम फेरी खेळून आलेला तो संघ. त्यांनी फजल अत्राचलीला सोडलं होतं, म्हणजे डावा कोपरा रिकामा होता. शादलूई नेमका डावा कोपरा. मार्च २०२४ मध्ये त्यांनी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून करंडक घेतला. मला तरी लिलावातली ती सगळ्यात शहाणी खरेदी वाटते.

बाकावरच्या पोरांकडं मात्र लोक फार कमी बघतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. नवव्या मोसमात तमिळ थलायवाजनं पवनला २ कोटी २६ लाखांना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. मोसम संपल्यात जमा होता. पण त्यांच्याकडं नरेंदर कंडोला नावाचा नवखा पोरगा होता. त्यानं चढाईचा सगळा भार उचलला आणि संघ उपांत्य फेरीत गेला. तेव्हा संघातल्या तरुणांची नावं लिहा आणि प्रत्येकाला किती मिनिटं मॅटवर मिळाली ते पुढं मांडा. संधी मिळाली तेव्हा चांगला खेळला, पण संधीच कमी मिळाली, असा पोरगा घरात असेल तर त्या जागेसाठी लिलावात पैसा ओतायचं कारण नाही. दुखापतीही इथंच नोंदवा, विशेषतः गुडघा आणि घोटा. कोपऱ्याचा खेळाडू सारखा वाकून झेपावतो, त्याचा गुडघा कुरकुरत असेल तर पर्याय आधीच हवा.

आता वहीच्या शेवटच्या पानावर जागा लिहा, गरजेच्या क्रमानं. प्रत्येक जागेसमोर तीन नावं: एक महागडं, एक मधलं, एक क किंवा ड गटातलं. अ गटाची पायाभूत किंमत ३० लाख आणि ड गटाची ९ लाख, त्यामुळं तिसऱ्या नावावरच खरी बचत होते. प्रत्येक नावापुढं तुमची वरची मर्यादा लिहा. फायनल बिड मॅच विसरू नका: खेळाडूचा जुना संघ शेवटच्या बोलीएवढी रक्कम देऊन त्याला परत नेऊ शकतो. म्हणून तुमचं पहिलं नाव दुसऱ्या संघाच्या जिव्हाळ्याचं असेल तर त्या संघाकडं ही सोय शिल्लक आहे का ते बोली सुरू असताना टिपत राहा. शिल्लक असेल तर मधल्या नावाची बोली केव्हा येते तिकडं लक्ष ठेवा आणि तेवढे पैसे बाजूला राखून ठेवा.