घोडा अचानक लंगडतोय? कारण शोधताना या चुका टाळा

रात्री धड असलेला घोडा सकाळी एक पाय टेकायला तयार नसतो, आणि पहिला हात जातो तो खांद्यावर. ‘शीर आखडली असेल’ म्हणत तेल चोळणं सुरू होतं. खरं दुखणं बहुतेक वेळा खुरात असतं, तेही जास्त करून पुढच्या, कारण अंगाचा जवळपास ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. तेव्हा आधी खूर उचला.

खूर वरवर पाहणं

खूर कोरून, पाण्याने घासून धुवा. चिखलाखाली खिळ्याचं डोकं सहज लपतं. तळव्यावर एखादी काळी रेघ किंवा ठिपका आहे का, नाल सरकली आहे का, ते बघा. नाल ठोकल्यावर दोन-चार दिवसांत लंगड आली असेल तर नालेचा खिळा आतल्या जिवंत भागाला लागलाय का, हे नालबंदाकडून तपासून घ्या.

मग खुराच्या वरच्या सांध्यामागे, दोन्ही कडांना बोटं हलकी टेकवा. निरोगी पायात नाडी जेमतेम लागते; ती बोटाखाली जोरात उडत असेल तर खुरात काहीतरी पेटलेलं आहे. चारही पाय तपासा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

सूज दिसली, तिथेच दुखणं मानणं

यात भलेभले फसतात. खुरात पू झाला की कवच कडक असल्याने त्याला पसरायला जागा मिळत नाही. वेदना इतकी असते की हाड मोडल्यासारखा घोडा पाय अधांतरी धरतो. सूज मात्र वर, नळीवर (पायाच्या खालच्या लांब हाडावर) दिसते आणि लेप तिथेच लागतो. पूला वाट मिळाली की घोडा बऱ्याचदा एक-दोन दिवसांत पाय टेकू लागतो. ती वाट नालबंद किंवा पशुवैद्यकाने करायची, तीही लहानशी. घरच्या सुरीने तळवा पोखरला तर बरं व्हायला कितीतरी जास्त दिवस लागतात.

खिळा उपटून टाकणं

दिसला की ओढावासा वाटणारच. पण तळव्याच्या मधोमध, त्रिकोणी गादीत शिरलेला खिळा आतल्या सांध्यापर्यंत पोचलेला असू शकतो. तो जागेवर असताना एक्स-रे काढला तर किती खोल आणि कुठल्या दिशेला गेलाय ते कळतं. काढल्यावर भोक मिटतं आणि माग लागत नाही. खिळ्यावर भार येणार नाही असं पाहा, डॉक्टर येईपर्यंत घोडा हलवू नका. पाय टेकताना तो आणखी आत जाणारच असेल तर काढा, पण जागा आणि दिशा टिपून, फोटो घेऊन.

चुकीचा पाय धरणं

घोडा पाय टेकत असेल तरच कडक, सपाट जमिनीवर, दोर सैल सोडून थोडा दुडकी चालवा. पुढचा दुखरा पाय टेकताना डोकं वर उडतं आणि चांगल्या पायावर खाली येतं. पुष्कळजण नेमकं उलट समजतात.

दोन्ही पुढचे पाय दुखत असतील तर डोकं हलतही नाही. घोडा भार मागे टाकून, पुढचे पाय ताणून उभा राहतो, वळायला नकार देतो. विशेषतः चंदी (दाण्याचा खुराक) जास्त खाल्ल्यानंतर असं झालं तर खुराच्या आतल्या पडद्यांना दाह झालेला असू शकतो. ‘चालवला की मोकळा होईल’ हा सल्ला इथे घातक आहे. मऊ जाड अंथरुणावर उभा करा, डॉक्टरांना लगेच बोलवा.

आधी गोळी, मग तपासणी

वेदनाशामक दिलं की लंगड झाकली जाते आणि घोडा दुखऱ्या पायावर भार टाकू लागतो. हाडाला बारीक तडा असेल तर तो मोठा होऊ शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

सांध्याजवळची जखम कितीही लहान असो, त्यातून पिवळसर चिकट पाणी येत असेल तर सकाळची वाट पाहू नका. फोनवर शेवटची नाल कधी ठोकली, धनुर्वाताची लस कधी दिली, ताप किती, हे सांगा. ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर ताप असेल तर ते सगळ्यात आधी.