इंग्लिश जमत नसलं तरी चांगला ऑडिटर कसा निवडायचा

आपल्या बेळगावात हिशोबाचं काम करणाऱ्या कुणालाही ऑडिटरच म्हणतात. खडेबाजारात विचारा, निपाणीत विचारा, खानापुरात विचारा, "आमचे ऑडिटर आहेत की" एवढंच सांगतील, पण तो माणूस सीए आहे, जीएसटी प्रॅक्टिशनर आहे, वकील आहे, का कुठल्या सीएकडं चार वर्षं काम करून नंतर स्वतःचं टेबल टाकून बसलाय, हे बहुतेकांना माहीतच नसतंय. आम्हालाही नव्हतं, म्हणून हे सगळं लिहायलोय.

आमचं शहापुरात साड्यांचं दुकान, बाबांनी चालू केलेलं. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा सगळीकडं नुसती घाई, नंबर काढून घ्या, नंबर काढून घ्या म्हणून, तेव्हा ओळखीतल्या कुणीतरी एक जण सांगितला. बोलायला गोड, मराठी आपल्याकडचीच, बाबांना काका म्हणायचा. बाबांना तेवढं पुरेसं वाटलं. रजिस्ट्रेशन करताना त्यानं मोबाईल नंबर स्वतःचा टाकला, ईमेल स्वतःचा टाकला, "तुम्हाला ते इंग्लिश मेसेज कशाला काका, डोक्याला ताप, मी बघतो की." कागद आणायचा तेव्हा सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं बारीक फुली मारलेली असायची आणि बाबा न वाचता प्रत्येक फुलीवर मराठीत सही करायचे. टॅक्सचे पैसेसुद्धा त्याच्याच हातात. मग एक दिवस इचलकरंजीच्या व्यापाऱ्याचा फोन आला, "शेठ, तुमचा जीएसटी नंबर रद्द दाखवतोय, ई-वे बिल निघेना, माल कसा पाठवू?" ई-वे बिल म्हणजे गाडीतून माल पाठवताना लागणारा ऑनलाईन कागद. बघतोय तर सहा महिन्यांच्या वर रिटर्नच भरलेलं नाही, नोटिसा आलेल्या पण सगळ्या त्याच्या ईमेलवर. लेट फी, व्याज, नंबर परत चालू करायचा अर्ज, सगळं ऐन सणाच्या तोंडावर. बाबा नंतर कितीतरी दिवस त्या फुल्यांचंच बोलायचे.

तर पहिल्या भेटीत पहिला प्रश्न हाच विचारायचा, सर तुम्ही सीए आहात का आणि तुमचा मेंबरशिप नंबर काय. लाजायचं नाही, खऱ्या सीएला याचा राग येत नाही. सीए म्हणजे आयसीएआय या संस्थेचा मेंबर, ही संस्था १९४९ च्या कायद्यानं झालेली आहे आणि प्रत्येक मेंबरला सहा आकडी नंबर असतोय. आयसीएआयच्या वेबसाईटवर मेंबर शोधायची सोय आहे, नंबर टाकला की नाव येतंय आणि प्रॅक्टिसचं सर्टिफिकेट आहे का तेही कळतंय, ते सर्टिफिकेट नसेल तर तो सीए असला तरी लोकांचं ऑडिट करून सही देऊ शकत नाही. आपल्याला वेबसाईट वाचता येत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या पोराला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. बेळगावात आयसीएआयची शाखा पण आहे.

सीए नसला म्हणजे माणूस वाईट असं अजिबात नाही. जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून सरकारकडं नाव नोंदवलेले लोक असतात, त्यांच्याकडं एनरोलमेंटचं सर्टिफिकेट असतंय, छोट्या दुकानाची महिन्याची रिटर्न्स ते व्यवस्थित भरतात आणि फी पण कमी घेतात. पण टॅक्स ऑडिट, म्हणजे इन्कम टॅक्ससाठी हिशोबाच्या वह्यांची तपासणी, फक्त प्रॅक्टिस करणारा सीएच करू शकतो, कंपनीचं ऑडिट पण तसंच. म्हणजे आपलं काम काय आहे ते आधी ठरवायचं. किराणा दुकान, शिवणकाम, दुधाचा धंदा असेल तर एक प्रकार, उद्यमबागेत मशीनशॉप आहे, कामगार आहेत, बँकेचं कॅश क्रेडिट आहे तर सीएशिवाय जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

आता भाषेचं. आपल्या भागात तीन भाषांचा घोळ असतोय, घरी मराठी, सरकारी ऑफिसात कानडी, आणि टॅक्सचा कागद इंग्लिश, त्यामुळं मराठी बोलणारा ऑडिटर भेटला की आपल्याला निम्मं ओझं उतरल्यासारखं वाटतंय आणि तिथंच आपण पुढचं विचारायचं सोडून देतो. आमचं नेमकं तसंच झालं. दुसऱ्या बाजूनं काही जण फाडफाड इंग्लिश ऐकून दबतात, याला सगळं येतंय म्हणून मान डोलवून येतात आणि घरी आल्यावर बायकोनं विचारलं काय म्हणाले तर एक वाक्य सांगता येत नाही. बघायचं ते वेगळंच असतंय, आपला कागद तो आपल्याला समजेल असा सांगू शकतो का, आणि सांगायला वेळ देतो का.

आमचे आत्ताचे सीए मातृभाषेनं कानडी आहेत. पहिल्या भेटीत त्यांनी बाबांना विचारलं, "तुमी रोजकीर्द ठेवताय काय ओ?" बाबांनी पिशवीतून लाल कापडी बांधणीची वही काढली, त्यांनी ती उघडून मोठ्यानं वाचायला घेतली, जमा कुठली, नावे कुठली, आणि वाचता वाचता एका ठिकाणी बोट ठेवलं, "हे येणं मागच्या वर्षाचंच पुढं ओढलंय, वसूल झालंय काय नाही?" बाबांचा चेहरा तिथंच बदलला, कारण इतकी वर्षं कुणी त्यांना त्यांच्या शब्दात हिशोब विचारलाच नव्हता. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद, येणी, देणी, उलाढाल, हे सगळे शब्द आपल्याकडं आहेतच की. इंग्लिश येत नाही म्हणजे हिशोब येत नाही असं नसतंय, आणि जो ऑडिटर आपल्याला तसं वाटायला लावतो त्याच्याकडं परत जाऊ नका.

माझी एक परीक्षा आहे, ती सांगतो. जाताना एक खरा कागद घेऊन जायचा, मागच्या वर्षीचं रिटर्न, नाहीतर एखादी नोटीस, आणि म्हणायचं, सर हे मला मराठीत सांगा. त्यांनी सांगितल्यावर आपण आपल्या शब्दात त्यांना परत सांगायचं, "म्हणजे मी खरेदीवर भरलेला टॅक्स विक्रीच्या टॅक्समधून वजा झाला आणि उरलेला भरला, बरोबर काय?" चुकलं तर चांगला माणूस दुरुस्त करून परत सांगतोय. वाईट माणूस म्हणतोय, "ते सोडा हो, तुम्ही सही करा." तिथनं उठायचं. आणि एकट्यानं जाऊ नका पहिल्यांदा, बायको, पोरगी, भाऊ कुणीतरी बरोबर असू दे, कारण दोघांनी ऐकलं की निम्मं लक्षात राहतंय.

नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यात असेसमेंट इयर हा शब्द जाऊन टॅक्स इयर आलंय. माझ्यासाठी यात काय बदललं एवढं विचारून बघा, उत्तरावरनं माणूस अभ्यास करतोय का ते कळतंय.

मोबाईल नंबर आणि ईमेलचं मी परत परत सांगणार, कारण आमचं सगळं नुकसान तिथनं झालं. जीएसटी पोर्टलवर आणि इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर पहिला नंबर आपलाच पाहिजे, ऑडिटरचा दुसरा असू दे. ओटीपी आपल्या फोनवर येऊ दे, आणि ते फोन करून ओटीपी मागतील तेव्हा दोन शब्द विचारायचे, कशाचा आणि किती रकमेचा. इंग्लिश मेसेज समजत नसला तर फोटो काढून त्यांनाच व्हॉट्सअपवर टाकायचा, म्हणायचं व्हॉइस मेसेजवर मराठीत सांगा. आमचे सीए असे व्हॉइस मेसेज पाठवतात, बाबा दोन-तीनदा ऐकतात, मग होय म्हणतात. लिहिण्यापेक्षा हे आपल्या लोकांना फार सोपं पडतंय.

रिटर्न भरलं का नाही हे ऑडिटरला न विचारता सुद्धा बघता येतंय, हे मला २०१७ ला माहीत असतं तर! जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता सर्च टॅक्सपेयर मध्ये आपला जीएसटी नंबर टाकायचा, कर्नाटकचा म्हणजे २९ नं सुरू होणारा, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतोय, आणि फायलिंगचा तक्ता उघडायचा, कुठल्या महिन्याचं कधी भरलं ते तारखेसकट दिसतंय. महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांचं विक्रीचं जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेला आणि टॅक्स भरायचं जीएसटीआर-३बी, म्हणजे थ्री-बी, २० तारखेला, त्यामुळं मी २१ ला सकाळी दुकान उघडल्यावर बघतो. थ्री-बी चुकलं की दिवसाला ५० रुपये, विक्री शून्य असली तरी २० रुपये. इन्कम टॅक्सचं रिटर्न भरल्यावर पावती मागायची, आणि ३० दिवसांत ई-व्हेरिफाय झालं का बघायचं, नाहीतर भरून न भरल्यासारखंच.

पैसे. टॅक्सचे पैसे कधीच ऑडिटरच्या खात्यावर किंवा हातात द्यायचे नाहीत, चलन आपल्या नावाचं काढून घ्यायचं आणि आपल्या खात्यातून भरायचं. ऑडिटरला द्यायची ती त्याची फी, तीही आधी ठरवून, व्हॉट्सअपवर लिहून घ्यायची, महिन्याच्या रिटर्नचं किती, वर्षाच्या इन्कम टॅक्सचं किती, आणि नोटीस आली तर उत्तर द्यायचं वेगळं घेणार का, कारण भांडण होतंय ते नेहमी या शेवटच्यावर. आणि "रिफंड मिळवून देतो, त्यातले एवढे टक्के मला" असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून बाहेर या, खोट्या वजावटी दाखवून आलेला रिफंड पुढं व्याज आणि दंडासकट आपल्यालाच परत करावा लागतोय, तेव्हा तो माणूस फोन उचलत नाही. रिटर्नखाली नाव आपलं असतंय.

बँकेसाठी सीएचं सर्टिफिकेट घेतलं, नेटवर्थचं म्हणा, टर्नओव्हरचं म्हणा, तर त्यावर यूडीआयएन, म्हणजे त्या सर्टिफिकेटचा स्वतःचा वेगळा नंबर, बघायचा. २०१९ पासून हा सक्तीचा आहे, १८ अक्षर-आकड्यांचा असतोय, पहिले दोन आकडे वर्षाचे आणि पुढचे सहा त्या सीएच्या मेंबरशिप नंबरचे, आयसीएआयच्या यूडीआयएन पोर्टलवर कुणालाही तपासता येतोय. नुसता गोल शिक्का आणि सही बघून भुलू नका.

२०२५ च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या तेव्हा आपल्याकडं पण किती घाबरगुंडी उडाली आठवतंय ना, काही जणांनी क्यूआर कोडच काढून ठेवले. मालाची उलाढाल वर्षाला ४० लाखाच्या वर, सेवेची २० लाखाच्या वर गेली की जीएसटी नंबर घ्यावा लागतोय हे खरं, पण ताजी भाजी, सुटं दूध यांच्यावर जीएसटीच नाही, खात्यात आलेला प्रत्येक रुपया विक्रीचाच असतोय असंही नाही. अशा वेळी घाबरवणारा नको, मुद्देसूद उत्तर लिहून देणारा आणि काय लिहिलंय ते आपल्याला वाचून दाखवणारा पाहिजे.

कोल्हापूरचा सीए चालेल का असं बरेच जण विचारतात, निपाणीकरांना तर कोल्हापूर जवळच. रिटर्न ऑनलाईन असतात त्यामुळं चालतंय, पण जीएसटीची सुनावणी लागली तर ऑफिस इकडचं, अधिकारी कानडीत बोलणार, कर्नाटकचा प्रोफेशन टॅक्स आणि शॉप ॲक्ट इकडचाच. म्हणून मराठी समजून सांगणारा आणि कानडीत अधिकाऱ्यापुढं बाजू मांडणारा इथलाच कुणी मिळाला तर तोच बघा. शोधायचा कसा, तर आपल्याच लाईनच्या दोन-तीन व्यापाऱ्यांना विचारा, आणि "चांगला आहे काय" असं विचारू नका, "नोटीस आली तेव्हा काय केलं" असं विचारा.

ऑडिटर बदलायचा असेल तर भांडून निघू नका. आधी कागद हातात घ्या, मागची सगळी रिटर्न्स, चलनं, ताळेबंद, टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप पेनड्राईव्हवर, दोन्ही पोर्टलचा यूजर आयडी आणि पासवर्ड. ठरलेली फी बाकी असेल तर देऊन टाका. ऑडिटचं काम असेल तर नवा सीए जुन्याला पत्र लिहून कळवतोय, तो त्यांचा नियमच आहे, त्यात आपण संकोचायचं कारण नाही. मग त्याच दिवशी घरी बसून दोन्ही पासवर्ड बदला, नंबर आणि ईमेल आपला आहे का परत एकदा बघा. आमचे पासवर्ड आता बाबांच्या त्या लाल वहीच्या शेवटच्या पानावर, त्यांच्याच अक्षरात लिहिलेले असतात.